वरळीच्या रिकाम्या चाळी आणि आपल्या गावातला बायपासचा फ्लॅट

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात सध्या "घर घ्यायचं, पण कुठं?" ही चर्चा चालू आहे, त्यांनी सवडीनं वाचावी.

पाडवा, अक्षय तृतीया, दसरा आला की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात दोन प्रकारच्या जाहिराती येतात. पहिली बायपासच्या पलीकडच्या नव्या स्कीमची. कोरी इमारत, लिफ्ट, पार्किंग, गेटवर वॉचमन आणि फोटोत हिरवळ. दुसरी जाहिरात लहान असते, बरेचदा नुसती व्हॉट्सॲपवर फिरते. पेठेतला वीस-पंचवीस वर्षांचा फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट नाही, भिंतीला ओल. पण शाळा, बाजार, दवाखाना आणि एसटी स्टँड पायी. पैसे साधारण तेवढेच लागतात. मग घरात दोन पार्ट्या पडतात. बायको-मुलांना नवं घर हवं असतं, आई-वडील म्हणतात पेठ सोडू नका. कधी नेमकं उलटंही असतं.

सल्ला द्यायला एजंट असतो, मेहुणा असतो, वास्तुशास्त्रवाला असतो. मी आज इतिहासाला विचारणार आहे. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईत हजारो कामगार कुटुंबांपुढं आला होता. तिथं मामला भाड्याचा होता, खरेदीचा नव्हता, पण निवड हीच होती: नवं घर लांब, की जुनी खोली जवळ? त्यांनी जे उत्तर दिलं, त्यानं सरकार तोंडघशी पडलं.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून पळाली. गिरण्यांना माणसं मिळेनात, बंदर थंडावलं. तेव्हा इंग्रज सरकारला पहिल्यांदा जोरात जाणवलं की कामगार कुठं आणि कसा राहतो याचा संबंध थेट व्यापाराशी आहे. १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या पाडायच्या, हवेसाठी रुंद रस्ते काढायचे, उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखायच्या, असं त्याचं काम. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते त्यातूनच आले.

कागदावर सगळं छान होतं. प्रत्यक्षात घरं पाडण्याचा वेग बांधण्यापेक्षा जास्त राहिला. आणि ज्यांची खोली पडली ती माणसं उत्तरेच्या मोकळ्या हवेत गेलीच नाहीत. शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत, नातेवाइकाच्या खोलीत घुसली. म्हणजे एका गल्लीतली दाटी कमी केली ती दुसऱ्या गल्लीत वाढली. गोदीत हमाली करणारा माणूस माटुंग्याला राहायला जाणार कसा? पहाटे कामावर यायचं कशानं, आणि त्या भाड्याचे पैसे कुठून आणायचे?

त्याच ट्रस्टनं आखलेला दादर-माटुंग्याचा भाग मात्र हळूहळू जमला. तिथल्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आज मुंबईतल्या उत्तम वस्त्यांत मोजल्या जातात. पण तिथं गेला तो पगारदार मध्यमवर्ग. रोज ट्रामचं किंवा लोकलचं भाडं त्याला परवडत होतं. कामावर दहा मिनिटं उशीर झाला तर त्याचा दिवस बुडत नव्हता. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये आली, विजेवरची लोकल १९२५ मध्ये. त्यानंतर दादर "लांब" राहिलं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन घरं या संदर्भात बघण्यासारखी आहेत. परळला ते कितीतरी वर्षं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. १९३० च्या दशकात ते दादरच्या हिंदू कॉलनीत आले, तेही ट्रस्टनंच आखलेल्या वस्तीत, आणि तिथं पुस्तकांसाठी मुद्दाम ऐसपैस जागा ठेवून 'राजगृह' बांधलं. चाळ आणि बंगला दोन्ही एकाच सरकारी संस्थेच्या आखणीतले. फरक इतकाच की दादरला तोवर रस्ता, रेल्वे, पाणी, शाळा सगळं पोचलं होतं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत घरांची टंचाई भयंकर होती. १९२१ च्या जनगणनेत शहराची सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्या एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. एका खोलीत सहा, आठ, दहा माणसं, कधी दोन-दोन कुटुंबं. भाडी इतकी चढली की १९१८ मध्येच भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये एक नवं खातं उघडलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो, त्यातलं 'बीडीडी' ते हेच.

योजना अफाट होती. ६२५ चाळी आणि ५० हजार खोल्या. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागं १ रुपया कर लावला. जागा निवडल्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी. बांधकाम त्या काळातलं सगळ्यात आधुनिक, सिमेंट काँक्रीटचं. तळमजला अधिक तीन मजले, मध्ये लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. एका चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास मजल्यावर सामायिक. गिरणगावातल्या कुबट, पडायला आलेल्या खासगी चाळींपुढं ही घरं कोरी करकरीत होती.

आणि ती रिकामी राहिली!

सगळीकडच्या नाही, नीट बघा. डिलाईल रोड आणि नायगावच्या चाळी गिरण्यांच्या कुशीत होत्या, त्या त्या मानानं भरल्या. वरळीच्या मात्र वर्षानुवर्षं ओस होत्या. एकट्या वरळीत १२१ चाळी होत्या. म्हणजे सरकारनं सगळ्यात जास्त घरं नेमकी तिथं बांधली जिथं लोकांना जायचं नव्हतं. शेवटी ५० हजारांचं स्वप्न सुमारे १६ हजार खोल्यांवर, २०७ चाळींवर आटोपलं. भाडं कमी करावं लागलं, तरी वरळी भरेना. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रही इतके पकडले गेले की तुरुंग पुरेनात. तेव्हा सरकारनं वरळीच्या रिकाम्या चाळींत तात्पुरता तुरुंग काढला. कामगारांसाठी बांधलेली नवी घरं, त्यात कामगार येईना, म्हणून कैदी ठेवले.

का येईना? साहेबांच्या फायलीत कारण लिहिलं जायचं की कामगाराला घाणीची सवय झालीय, स्वच्छतेची किंमत कळत नाही. हे वाक्य आजही ऐकू येतं, फक्त 'झोपडपट्टीवाल्यांना फ्लॅटची सवय नाही' असं.

खरं कारण कामगाराच्या दिवसात होतं. गिरणीत कायम कामगारांइतकेच महत्त्वाचे होते बदली कामगार. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, आज कोण आला नाही हे जॉबर बघणार आणि त्याच्या जागी एखाद्याला आत घेणार. दारात नसलास तर त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून गिरणीपासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरात राहणं हा त्याच्या पोटाचा प्रश्न होता. त्या काळातला अंदाज असा की गिरणी कामगारांपैकी ९० टक्के लोक कामाच्या ठिकाणापासून १५ मिनिटांच्या चालीवर राहत होते. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी हे सविस्तर मांडलंय. घर, गल्ली आणि गिरणी ही तीन वेगळी ठिकाणं नव्हतीच.

शिवाय गल्लीत उधारी होती. महिनाभर धान्य देणारा वाणी तुम्हाला तोंडओळखीवर देतो, वरळीच्या माळावरचा कोण देणार? एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या खाणावळी होत्या. कोकणातल्या, घाटावरच्या एकाच गावची माणसं गावकीच्या खोलीत एकत्र राहायची. संप झाला, आजारपण आलं, नोकरी गेली तर हीच माणसं धरून ठेवायची. वरळीला तेव्हा जवळ धड बाजार नव्हता, रस्त्यावर पुरेसे दिवे नव्हते, दवाखान्याची सोय नव्हती, रात्री यायला भीती वाटायची. खोली नवी होती, पण खोलीच्या बाहेर काही नव्हतं.

म्हणजे त्या अडाणी समजल्या गेलेल्या कामगारानं हिशोब बरोबर केला होता. सरकारनं फक्त खोलीचा खर्च मोजला. त्यानं जाण्यायेण्याचा वेळ, बुडणारी मजुरी, तुटणारी उधारी आणि बायकोचा रात्रीचा धोका, सगळं मोजलं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, झालं, ठरलं, लोकेशनच महत्त्वाचं. थांबा. गोष्ट अजून संपली नाही, आणि पुढं ती उलटी फिरते.

पुढच्या काळात वरळीपर्यंत शहर पसरलं. बस आली, बाजार आला, शाळा आल्या, आणि ओस चाळी गच्च भरल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं सप्टेंबर १९४० चं भाडं पाया धरून खासगी चाळींची भाडी गोठवली. ज्याची खोली गिरगाव-लालबागला होती तो ती सोडायला तयार नव्हता, मालक दुरुस्तीला तयार नव्हता. पागडी देऊन खोल्या हातोहात फिरल्या, इमारती मात्र झिजत गेल्या. १९६९ मध्ये शेवटी सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून मंडळ नेमावं लागलं. त्याच्या यादीत एकोणीस हजारांहून जास्त इमारती आल्या. दर पावसाळ्यात दक्षिण मुंबईत इमारत पडल्याची बातमी येते, तिची मुळं इथं आहेत. जागा कितीही सोन्याची असली तरी छप्पर डोक्यावर पडायचं राहत नाही.

आणि मग १८ जानेवारी १९८२. गिरणी संप सुरू झाला. ज्या गिरणीसाठी माणसं एका खोलीत तीन पिढ्या राहिली, ती गिरणीच गेली. १५ मिनिटांच्या चालीवर काम होतं, ते कामच उरलं नाही. पोरं डोंबिवली, वसई, विरारला नव्या इमारतींत गेली आणि रोज दोन-दोन तास लोकलला लटकू लागली. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालयं आली. जागेचा भाव आभाळाला भिडला, पण ज्या कारणासाठी ती जागा कामगाराला 'चांगली' होती ते कारण मेलं होतं.

ज्या वरळीला १९२५ मध्ये फुकट जायला कोणी तयार नव्हतं, तिथं आज चौरस फुटाचा भाव ऐकून आपल्याला चक्कर येते. त्याच बीडीडी चाळींचा आता पुनर्विकास चालू आहे. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांना नवं घरही मिळालं आणि जागाही राहिली. शंभर वर्षांत असं नशीब फार थोड्यांना लाभलंय. त्यांच्यापुढचा पुढचा प्रश्न लिफ्ट, पंप आणि देखभालीच्या मासिक खर्चाचा असेल.

उलट त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर बसले होते. सरकार त्यांना शेलू आणि वांगणीला, म्हणजे कर्जतच्या वाटेवर, घरं देऊ पाहत होतं. त्यांची मागणी होती, घर मुंबईतच द्या. काही लोकांनी समाजमाध्यमांवर त्यांची टिंगल केली, स्वस्तात नवं घर मिळतंय तर कुरकुर कसली म्हणून. ज्यांनी टिंगल केली त्यांनी वरळीच्या रिकाम्या चाळी आठवाव्यात. तोच प्रश्न, तीच माणसं, शंभर वर्षांनंतर.

आणखी एक उदाहरण थोडक्यात, कारण ते आपल्या बायपासच्या स्कीमशी जास्त जुळतं. नवी मुंबई. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. कल्पना उत्तम, आखणी उत्तम, घरं नवी, रस्ते रुंद. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला. पण लोकल वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. मधली वीस वर्षं तिथं राहायला गेलेल्यांनी बसच्या रांगेत काढली. मंत्रालय तिकडं हलेल ही आशा होती, ते काही हललं नाही. लोकल आली आणि चित्र पालटलं. आधी गेलेल्यांना स्वस्तात घर मिळालं हे खरं, पण त्यांनी त्याची किंमत वीस वर्षांच्या वेळात मोजली. तेवढा दम ज्यांच्यात होता ते फायद्यात राहिले. ज्यांची नोकरी, आजारी आई-बाप किंवा शाळेतली मुलं थांबू शकत नव्हती, ते सोडून आले.

या सगळ्यातून मला समजलेली गोष्ट एवढीच. घर नवं की जुनं हे आपण बघतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. जागा चांगली की वाईट हे मात्र जमिनीत लिहिलेलं नसतं. नळ, गटार, रस्ता, बस, शाळा, दवाखाना आणि काम या गोष्टी तिथं पोचल्या की जागा चांगली होते, निघून गेल्या की वाईट होते. आणि यातल्या बहुतेक गोष्टी बिल्डर आणत नाही. त्या सार्वजनिक पैशातून येतात. बिल्डर त्या येणार म्हणून आज भाव लावतो, आल्या नाहीत तर भोगायचं आपण.

म्हणून बायपासच्या फ्लॅटचं टोकन देण्याआधी काही गोष्टी बघा. मी नगरपरिषदेच्या सभांच्या बातम्या करतो, त्या अनुभवावरून सांगतोय.

ब्रोशरमधला 'प्रस्तावित' हा शब्द शोधा. प्रस्तावित रस्ता, प्रस्तावित शाळा, प्रस्तावित बाग. तो रस्ता मंजूर विकास आराखड्यात आहे का, त्याची जमीन ताब्यात आली का, हे नगररचना विभागात जाऊन विचारा. आराखड्यातला रस्ता वीस वर्षं कागदावरच राहिल्याची उदाहरणं तुमच्याही गावात असतील.

पाणी कुठून येतं ते विचारा. पालिकेच्या पाइपलाइनचं की बोअरचं? एप्रिल-मे महिन्यात दुपारी जाऊन बघा, गेटवर टँकर उभा आहे का. वॉचमन एजंटपेक्षा खरं सांगतो.

जमीन एन.ए. आहे का, की गुंठेवारीची? २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, म्हणजे प्रश्न किती पसरला होता ते कळतं. महारेरामध्ये प्रकल्प नोंदलेला आहे का बघा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठ घरांपर्यंतचे छोटे प्रकल्प त्यातून सुटतात, आणि लहान गावात असे प्रकल्पच जास्त असतात. तिथं तुमचं संरक्षण तुम्हालाच करायचंय.

रोजच्या फेऱ्या मोजा. मुलांची शाळा, क्लास, आईचा दवाखाना, भाजी, तुमची नोकरी. महिन्याचं पेट्रोल काढा, ते हप्त्यात मिळवा, मग दोन्ही घरांची तुलना करा. आणि घरात ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याच्या बाजूनं एकदा विचार करा. बायपासवर राहणारी म्हातारी माणसं देवळातसुद्धा जाऊ शकत नाहीत, कुणी सोडेल तेव्हा जातात. त्यांचं मत घर घेताना कोणी विचारत नाही.

पेठेतल्या जुन्या घराला मात्र आंधळेपणानं हो म्हणू नका. सोसायटी नोंदलेली आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, की अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे? सिटी सर्व्हेचा उतारा काढा. वाड्याच्या जागेवर इमारत असेल तर भाऊबंदकीचा दावा चालू आहे का ते बघा. इंजिनिअरला पैसे देऊन बीम-कॉलम तपासून घ्या. स्लॅबमधली सळई फुगली असेल तर रंग मारून ती बरी होत नाही. बँका जुन्या इमारतीला कर्ज देताना उरलेलं आयुष्य बघतात, आपणही बघावं.

हे सगळं करूनही दोन्ही घरं सारखीच वाटली, कागद दोन्हीकडं साफ असले, तर मी जवळच्या जागेकडं झुकेन. इमारत खराब असेल तर दुरुस्त करता येते, पाडून पुन्हा बांधता येते. आपली रोजची वाट आपल्या एकट्याच्या पैशानं छोटी करता येत नाही.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे. ती वाट छोटी करणं हे नगरपरिषदेचं, एसटीचं, सरकारचं काम आहे. गेल्या वीस वर्षांत कितीतरी शहरांत सरकारी योजनांची घरं गावाबाहेर स्वस्त जमिनीवर बांधली गेली आणि कुलूप लागून पडली. १९२० च्या साहेबाचीच चूक, फक्त आता साहेब आपले आहेत. आधी घरं, मग बघू पाणी आणि बस, हा क्रम उलटा झाला पाहिजे. पुढच्या वेळी तुमच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर होईल तेव्हा तो बघायला जा. एरवी तिथं फक्त जमीनवाले आणि त्यांचे वकील असतात. नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा त्याला विचारा, बायपासच्या वस्तीला पाणी कधी आणि बस कधी, तारीख सांग.

तुमच्या गावात अशी रिकामी पडलेली नवी वसाहत आहे का? असेल तर ती का रिकामी राहिली ते कमेंटमध्ये लिहा. गाव, साधारण वर्ष आणि कारण. माहिती जमली तर त्यावर वेगळी बातमी करता येईल.